सांडलेल्या रक्ताचा हिशेब

मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : मेंदूला सूज आहे, ती उतरली की बघू. दापोलीहून माणूस डेरवणला किंवा थेट मुंबईला हलवला की मागे राहिलेल्या घरांत हेच वाक्य कित्येक दिवस फोनवरून फिरत राहते. डॉक्टरांना थोडक्यात सांगावे लागते, त्यात त्यांची चूक नाही. पण या वाक्याभोवती जी समजूत साचली आहे ती उथळ आहे आणि तिच्यापायी आपण भलत्याच ठिकाणी आशा लावून बसतो. सूज हाच रोग, सूज आणणाऱ्या पेशी घरभेदी, त्यांना गप्प करणारे इंजेक्शन मिळाले की माणूस उठून बसेल, अशी ही समजूत. तिच्याच शेजारी, कोविडच्या काळात घट्ट झालेली उलटी समजूतही नांदते : प्रतिकारशक्ती जितकी वाढेल तितकी बरी. दोन्हींचा पाया एकच आहे. या पेशींना एक ठरीव स्वभाव असतो, चांगला किंवा वाईट, असे दोन्ही धरून चालतात.

माझे म्हणणे वेगळे आहे. रक्तस्रावानंतर मेंदूतल्या प्रतिकारक पेशींपुढे मुख्य काम एकच असते : सांडलेले रक्त उचलायचे आणि पचवायचे. हे काम मेंदूला तारते की मारते, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. रक्त किती सांडले आणि ते सांडून किती वेळ झाला. पेशींना दाबायचे की चेतवायचे हा त्यानंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न मापाचा आणि तासांचा आहे, आणि तो जेवढा प्रयोगशाळेतला आहे तेवढाच तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रातलाही आहे. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. या पेशी कोण?

मेंदूत मज्जापेशींच्या जोडीने राहणाऱ्या या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिले. पुढची कित्येक दशके त्यांच्याकडे मेंदूतल्या पडीक रहिवाशांसारखे पाहिले गेले. इजा झाली तरच जाग्या होतात, एरवी झोपलेल्या असतात, असे पाठ्यपुस्तके सांगत. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावता आले, तेव्हा ही कल्पना कोसळली. निरोगी मेंदूतही या पेशींचे बारीक फाटे सतत हलत, आसपासचा भाग चाचपत असतात. लेसरने केशवाहिनी फोडली की काही मिनिटांत शेजारच्या पेशींचे फाटे त्या जागेकडे वळतात. २०१६ मध्ये याच्याही पुढचे दिसले : रक्तवाहिनीलगतच्या मायक्रोग्लियाचे फाटे फुटलेल्या जागी दाटी करतात आणि गळती बंद व्हायला मदत करतात.

त्यांचा उगमही निराळा आहे. रक्तातल्या बहुतेक पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, मायक्रोग्लिया मात्र गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतककोशातून मेंदूत येतात आणि तिथेच वस्ती करतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. म्हणजे या पेशी मेंदूच्या मूळ रहिवासी आहेत. 'सूज आणणाऱ्या पेशी' म्हणून त्यांना बाहेरच्या हल्लेखोरांच्या रांगेत बसवणे इथेच चुकते.

२. रक्त नळीबाहेर आल्यावर

रक्त हे जीवन, पण नळीच्या आत. मेंदूच्या गाभ्यात सांडल्यावर त्याचे घटक एकामागून एक त्रास देऊ लागतात, आणि हा क्रम समजल्याशिवाय पेशींचे वागणे समजत नाही.

पहिल्या तासांत रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन तयार होते. ते रक्तस्राव थांबवायला हवेच, पण त्याचा संदेश मायक्रोग्लियाही ऐकतात आणि सूज निर्माण करणारी रसायने सोडू लागतात. थ्रॉम्बिनचे प्राण्यांवरचे प्रयोग इथे फार बोलके आहेत. अगदी थोडे थ्रॉम्बिन आधी दिले तर मेंदू पुढची इजा अधिक सहन करतो, जास्त दिले तर मज्जापेशी मरतात. पदार्थ तोच, परिणाम मापावर.

पुढच्या काही दिवसांत गाठीतल्या लाल पेशी फुटू लागतात. त्यांच्यातले हिमोग्लोबिन बाहेर पडते, त्याचे विघटन होऊन हीम सुटते, आणि हीम मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला डिवचते. हा ग्राहक मुळात जिवाणूंची चाहूल घेण्यासाठी आहे. म्हणजे पेशीला आपल्याच रक्ताचा अवशेष जंतूसारखा भासतो, आणि ती तशी वागते. सूज वाढते ती बरीचशी या काळात. म्हणूनच रक्तस्रावानंतर पहिल्या दिवशी बोलणारा माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी सुस्त पडतो आणि घरच्यांना वाटते, उपचारात काहीतरी बिघडले.

याच दिवसांत याच पेशी साफसफाईही करत असतात. लाल पेशीवर सीडी-४७ नावाची खूण असते, तिचा अर्थ 'मला गिळू नका'. पेशी जुनी झाली, मोडकळीस आली, की ही खूण पुसट होते आणि मायक्रोग्लिया व रक्तातून आलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. फुटण्याआधी गिळली गेलेली लाल पेशी आपले हीम बाहेर सांडत नाही. फुटली तर हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन सुटे हिमोग्लोबिन धरून ठेवते आणि भक्षक पेशी सीडी-१६३ या दारातून ती जोडी आत घेते. आत गेल्यावर हीम-ऑक्सिजनेज हे विकर हीम मोडते आणि लोह मोकळे होते. ते फेरिटिनमध्ये बंद करून ठेवता आले तर ठीक. साठा भरला, लोह बाहेर झिरपले, तर शेजारच्या मज्जापेशींच्या आवरणातली मेदद्रव्ये गंजल्यासारखी सडतात. या मरणाला २०१२ पासून फेरोप्टोसिस म्हणतात.

येल विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मरू घातलेल्या लाल पेशी गिळणे हेच भक्षक पेशींना शांत करते, सूज वाढवण्याकडून डागडुजीकडे वळवते. याचा अर्थ, साफसफाई आणि शांतता ही दोन वेगळी कामे नाहीत. पहिले पुरे होत आले की दुसरे त्यातूनच निघते. मग पहिले पुरे होण्यापूर्वीच पेशींचे हात बांधणाऱ्या उपचाराकडून आपण नेमकी कोणती अपेक्षा धरतो?

३. हिशेब

आता आकडे मांडू. ढोबळच, पण ढोबळ आकड्यांनीही चित्र स्पष्ट होते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५०० कोटी लाल पेशी आणि अर्धा मिलिग्रॅम लोह असते. मेंदूतल्या रक्तस्रावाची गंभीरता मोजताना ३० मिलिलिटर हा आकडा डॉक्टर महत्त्वाचा मानतात. तो ओलांडला की धोका बराच वाढतो. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे. त्यात १५,००० कोटी लाल पेशी आणि १५ मिलिग्रॅम लोह. आपले आतडे अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते. म्हणजे शरीर एरवी एक-दोन आठवड्यांत जेवढे लोह जपून आत घेते, तेवढे मेंदूच्या एका कोपऱ्यात एका दमात ओतले जाते.

दुसऱ्या बाजूला, माणसाच्या मेंदूत सर्व प्रकारच्या मिळून सुमारे १७,००० कोटी पेशी असतात. त्यांतल्या पाच ते दहा टक्के मायक्रोग्लिया धरल्या तर ८५० ते १,७०० कोटी होतात. म्हणजे संपूर्ण मेंदूतल्या सगळ्या मायक्रोग्लिया एकवटल्या तरी एकेकीच्या वाट्याला नऊ ते अठरा लाल पेशी येतील. प्रत्यक्षात त्या एकवटत नाहीत. गाठीच्या काठावरच्या पेशींनाच हा भार उचलावा लागतो, रक्तातून भक्षक पेशी मदतीला येतात तरी. पाच मिलिलिटर रक्तस्रावात जी पेशी लोह पचवून शांत होते, तीच साठ मिलिलिटरमध्ये लोहाने गच्च भरून स्वतः विषाचा साठा बनते. तिच्या स्वभावात काहीच बदललेले नसते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मापच निर्णायक असेल तर कवटी उघडून रक्त काढले की सर्वांना फायदा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टिच या मोठ्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना सरासरीने फायदा दिसला नाही. पण खोलवरच्या गाठीपर्यंत पोचताना निरोगी मेंदू कापला जातो. काढलेल्या रक्ताचा लाभ त्या नव्या इजेत खर्ची पडतो. २०१९ च्या मिस्टी-३ चाचणीत बारीक नळीने रक्त काढले. तिथेही एकूण निकाल निराश करणारा होता, पण ज्यांच्या मेंदूत १५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी रक्त उरले, त्यांची प्रकृती अधिक सुधारलेली दिसली. २०२४ च्या एनरिच चाचणीत कमीत कमी छेद घेऊन, २४ तासांच्या आत, पृष्ठभागाजवळचे रक्तस्राव काढले आणि रुग्णांना स्पष्ट फायदा झाला. आक्षेपाने हिशेब मोडत नाही. माप आणि वेळ यांबरोबर वाटेतले नुकसानही मांडावे लागते, एवढेच तो शिकवतो.

४. 'चांगली पेशी, वाईट पेशी' ही वाटणी

अभ्यासकांमध्येही वर्षानुवर्षे एक सोपी वाटणी रुळली होती. एम-१ म्हणजे सूज वाढवणाऱ्या, एम-२ म्हणजे जखम भरणाऱ्या. पहिल्यांचे रूपांतर दुसऱ्यांत करा, की आजार बरा. २०१६ मध्ये रिचर्ड रॅन्सोहॉफ यांनी असे दोन गट मेंदूत खरोखर असतात का, असा जाहीर प्रश्न केला. २०२२ मध्ये जगभरच्या अनेक अभ्यासकांनी मिळून ही नावे सोडून देण्याचा आग्रह धरला. एकेका पेशीतली सक्रिय जनुके वाचता येऊ लागल्यावर एकाच पेशीत दोन्ही प्रकारच्या खुणा एकाच वेळी आढळल्या होत्या.

दापोलीकरांना हे समजायला एक अनुभव पुरेसा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर केळशी-आंजर्ल्यापासून मुरुडपर्यंतच्या वाड्यांत माड, पोफळी, आंब्याची कलमे आडवी झाली. वाट मोकळी करायला कोयता चालवावाच लागला. पण आडव्या झालेल्या काही कलमांची मुळे जमिनीत शाबूत असतात, आधार देऊन ती पुन्हा उभी करता येतात. घाईचा कोयता मेलेले आणि जगण्याजोगे यांत फरक करत नाही. कोयता न चालवणारा माणूस मात्र वाडीच गमावतो. मायक्रोग्लिया अशाच आहेत. इजेने मलूल झालेल्या, पण अजून जगू शकणाऱ्या मज्जापेशीही त्या कधीकधी गिळतात, हे प्रयोगांत दिसले आहे. गिळण्याची क्रिया तीच, लाल पेशीवर चालली तर उपकार, जिवंत मज्जापेशीवर चालली तर घात.

५. दाबण्याच्या औषधांनी काय शिकवले?

'ते सगळे खरे, पण सूज कमी करणारी औषधे आहेत ना?' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याचे उत्तर रुग्णांवरच्या चाचण्यांनी दिले आहे. डेक्सामेथासोन हे सूज दाबणारे जुने, स्वस्त औषध. बँकॉकच्या डॉक्टरांनी ते मेंदूतल्या रक्तस्रावावर तपासले आणि १९८७ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. मृत्यू कमी झाले नाहीत, जंतुसंसर्ग आणि रक्तातल्या साखरेचे त्रास मात्र वाढले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. हेच औषध क्षयजन्य मेंदूज्वरात जीव वाचवते, हे २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या चाचणीने दाखवले. तिथे सूज कशावर आहे, कोणत्या टप्प्यावर आहे, हे गणित वेगळे आहे.

लोहालाच धरणारे डिफेरोक्सामिन हे औषध तर्काला अगदी पटण्याजोगे होते. २०१९ च्या आय-डेफ चाचणीत तीन महिन्यांनंतरच्या सुधारणेत अपेक्षित फरक दिसला नाही. उंदरांमध्ये औषधाने जवळपास सर्व मायक्रोग्लिया काढून टाकून मग रक्तस्राव घडवला, तेव्हा सुरुवातीची सूज कमी झाली. कित्येकांना हा पेशी घरभेदी असल्याचा पुरावा वाटला. मला तो अर्धाच पुरावा वाटतो, कारण पहिल्या तीन दिवसांत जो हात नकोसा, तोच तिसऱ्या आठवड्यात राडा उचलायला हवा असतो. सतत दाबणारे औषध हा फरक करू शकत नाही. उद्या असे औषध आले जे पहिल्या दिवसांत चिडलेल्या संदेशाला आवर घालील आणि गिळण्याचे काम चालू ठेवील, तर त्याचे मी मनापासून स्वागत करीन. पण आज ते दवाखान्यात नाही.

उंदरांचे पुरावे माणसाला किती लागू, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. उंदराच्या मेंदूत विकर टोचून किंवा त्याचेच रक्त सोडून घडवलेली गाठ आणि वीस वर्षे वाढलेल्या रक्तदाबाने फुटलेली वाहिनी एक नव्हे. तरी मूळ क्रम माणसातही दिसतो. शवविच्छेदन करणारे तज्ज्ञ लोहाने भरलेल्या भक्षक पेशींवरून रक्तस्राव किती जुना, याचा अंदाज बांधतात. मेंदूच्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्त झिरपत राहिले तर लोह साठून माणूस हळूहळू बहिरा होतो, त्याचा तोल जातो. पचवण्याची क्षमता ओलांडली की काय होते, याचा हा माणसातलाच दाखला आहे.

६. दापोलीत या हिशेबाचा अर्थ

ज्या तालुक्यातून मुंबई दोनशे किलोमीटरहून दूर, तिथे मायक्रोग्लियाची चर्चा ही चैन आहे, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. पेशीच्या मनात काय आहे ते बदलण्याचे औषध जगात कुठेच हाताशी नाही. तिच्यावर पडणारा भार कमी करण्याची साधने मात्र तालुक्यात असू शकतात.

पहिले साधन रक्तदाबाची गोळी. मेंदूच्या गाभ्यातले बहुतेक रक्तस्राव वर्षानुवर्षे चढ्या रक्तदाबाने झिजलेल्या बारीक वाहिन्यांतून होतात. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी स्वस्त आहे. 'आता बरे वाटते' म्हणून ती बंद करणारा माणूस गावोगाव आहे, आणि बरे वाटणे हे रक्तदाबाचे मापच नव्हे. खारवलेली मासळी आणि लोणची रोजच्या ताटात असलेल्या किनाऱ्यावर हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

दुसरे साधन तास. रक्तस्राव झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांत गाठ पहिल्या काही तासांत वाढते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ या चाचणीत भारतासह दहा देशांतले सात हजारांहून अधिक रुग्ण होते. तासाभरात वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उलटवणे, एवढ्या साध्या गोष्टी एकत्र केल्यावर रुग्ण अधिक स्वावलंबी झाले. यांतले एकही औषध थेट मायक्रोग्लियावर नेम धरून दिलेले नव्हते. पण २०२४ ची इंटरॅक्ट-४ चाचणी सावध करते. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवला, तेव्हा रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला आणि वाहिनी तुंबून पक्षाघात झालेल्यांना तोटा. बाहेरून दोघांचा हात सारखाच लुळा पडतो. फरक सीटी स्कॅनच सांगतो. म्हणून तालुक्याच्या पातळीवर चोवीस तास चालणारे सीटी स्कॅन आणि दूरवरून तो वाचणारा तज्ज्ञ ही चैनीची मागणी नाही. हा उपचाराचा पहिला टप्पा आहे.

तिसरे साधन खास रत्नागिरीचे आहे. जांभ्याचे कातळ, सडे आणि गडग्यांच्या दगडांत राहणारे फुरसे या जिल्ह्याला जुने परिचित. एकोणिसाव्या शतकात ते मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. त्याच्या विषातले इकारिन शरीरातल्या प्रोथ्रॉम्बिनला एकदम चेतवते, गोठण्याचे घटक खर्ची पडतात आणि मग रक्त गोठतच नाही. क्वचित हा रक्तस्राव मेंदूत होतो आणि तो जिवावर बेततो. अशा रुग्णाच्या मेंदूत पेशींवरचा भार वाढण्याआधीच तो रोखता येतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. ते गोठले नाही तर प्रतिसर्पविष लगेच सुरू करायचे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिला वीजही लागत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारे औषध आपल्याकडे बनते. उरते ते मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत जाणारे तास वाचवणे.

शरीराच्या प्रतिक्रियेचा असा हिशेब मांडून जीव वाचवण्याची परंपरा कोकणाला आहेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशात विषाने उसळलेली शरीराची स्वतःची संप्रेरकेच हृदयाला मारतात, हे ओळखले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन ही साधी गोळी वापरून मृत्यू झपाट्याने खाली आणले. विषाकडे बघत बसण्याऐवजी त्यांनी शरीर त्या घटकेला काय करते आहे, हे पाहिले. मेंदूतल्या रक्तस्रावाकडेही याच नजरेने बघता येते.

७. आपले प्रश्न आपणच विचारावेत

सुटे हिमोग्लोबिन धरणाऱ्या हॅप्टोग्लोबिनचा उल्लेख वर आला. त्याची दोन मुख्य रूपे आहेत. दुसरे रूप काही अभ्यासांत साफसफाईला कमी तत्पर आढळले आहे, आणि त्याचे प्रमाण भारतीयांत जगातल्या सर्वाधिकांपैकी आहे. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे उचलू नयेत, याला एवढे कारण पुरेसे आहे. कोकणातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हा प्रश्न हाती घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

मापाचा आणि तासांचा प्रश्न विचारायला तर मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहायला नको. सीटी स्कॅनच्या फिल्मवरून गाठीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून, गुणाकार करून निम्मे केले की रक्ताचे माप मिलिलिटरमध्ये मिळते. लक्षण सुरू झाल्याची वेळ, पहिल्यांदा रक्तदाब मोजल्याची वेळ, स्कॅनची वेळ आणि हे माप, अशा चार नोंदी दापोली, मंडणगड, खेड आणि गुहागरच्या प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरवर वर्षभर झाल्या, तर आपले तास घरात जातात, रस्त्यावर जातात की रुग्णालयाच्या दारात, हे आकड्यांनी कळेल, आणि सीटी यंत्र किंवा रुग्णवाहिका कुठे हवी याची मागणी त्या आकड्यांवर करता येईल.